हलीमाचा डबा

माझ्या मुलानं एका परक्या बाईचं भांडं रिकामं परत केलं. घासलं, पुसलं आणि रिकामं नेऊन दिलं. मी आंघोळीला गेले होते तेवढ्या वेळात. बाहेर येऊन बघते तर ओट्यावर भांडं नाही. विचारलं, तर म्हणतो, दिलं मी नेऊन, आई, थँक यू पण म्हटलं. आणि असा उभा, की आता मी पाठ थोपटावी.

मुलगा म्हणजे चारुदत्त. मला एकच. पन्नाशी उलटली त्याची. सिएटलजवळ बॉथेलला मोठ्या कंपनीत आहे, हाताखाली माणसं आहेत, त्यांना दिवसभर कॉम्प्युटरमधून शहाणपण शिकवतो. राजापूरला ज्या घरात तो वाढला त्या घरातून कुणाचं भांडं कधी रिकामं गेलं नाही. वाटीभर साखर घालू, चार कोकमं घालू, काहीच नसलं तर परसातल्या मिरच्या आणि कढीलिंबाची डहाळी घालू, पण घालू. हे मी त्याला शिकवलं नाही असं कुणी म्हणू नये. लहानपणी शेजारीपाजारी भांडी पोचवायला तोच जायचा, आणि वाटेत झाकण उघडून खायचासुद्धा.

मी म्हटलं, अरे, रिकामं? तर म्हणाला, इथे असलं काही नसतं, आई, क्लीन करून दिलं ना, झालं. सून प्रतिमा शेजारी उभी राहून चहा ढवळत होती. तिचा चमचा थांबला. ती नागपूरची. तिच्याकडेही रिकामं देत नाहीत. ठाऊक असून तिनं जाऊ दिलं म्हणून तिचाही राग आला, पण एका वेळी एकालाच धरावं.

हे सगळं घडलं बोटीवर. तर बोटीचं आधी सांगते.

श्रावणापासून मी चारूच्या मागे लागले होते, की यंदा दिवाळीला मला राजापूरला जाऊ दे. इथे आले होते सहा महिन्यांसाठी. हे गेले, घरात एकटी नको, म्हणून चारू घेऊन आला. मग तो कोरोना आला. मग माझा गुडघा बदलला. मग ग्रीन कार्डाचे कागद होईपर्यंत हलायचं नाही असं ठरलं. कागद झाले, तर आता ह्याला सुट्टी नाही, आणि एकटीला सोडायची ह्याची छाती नाही. पाच-सहा वर्षं अशीच गेली. बरं, नाही म्हणत नाही. नाही म्हणणारा मुलगा परवडतो, त्याच्याशी भांडता येतं. हा 'बघू' म्हणतो. 'नेक्स्ट इयर नक्की' म्हणतो. आणि एक दिवस फोनवर होडीचं चित्र घेऊन आला. म्हणे, आई, तुला पाण्याची आवड, आपण आठवडाभर बोटीवर राहू, एरी कालव्यातून गावं बघत जाऊ. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं. मी बरं म्हटलं. पाण्याला मला नाही म्हणवत नाही, हे त्याला माहीत आहे.

माझं माहेर आणि सासर दोन्ही राजापूर. खाडीच्या टोकाला वसलेलं बाजाराचं गाव. मी परकरात होते तेव्हा भरतीबरोबर जैतापूरहून मचवे वर यायचे. कौलं उतरायची, मीठ उतरायचं, सुक्या मासळीचा वास आळीभर पसरायचा आणि सगळा बाजार बंदराकडे तोंड करून उभा असायचा. पुढे खाडी गाळानं भरत गेली. मोठे मचवे बंद झाले, मग लहान होड्या. रस्त्यानं ट्रक यायला लागले आणि बाजारानं पाण्याकडे पाठ केली. मी लग्न होऊन एका आळीतून दुसऱ्या आळीत गेले तेवढ्या काळात हे झालं. त्यानंतर पाणी गावात यायचं ते फक्त पुराचं, न बोलावता, थेट दुकानात.

तर सिएटलहून विमानानं बफेलोला, तिथून गाडीनं कालव्यावर, आणि बोटीत. बोट लांबुडकी, अरुंद. एक शेगडी, एक ओटा, न्हाणीघर असं की साबण पडला तर तो उचलायला आधी बाहेर यावं लागतं. कालवा म्हणजे वळायची हौस नसलेली नदी. दोनशे वर्षांपूर्वी माणसांनी खणला म्हणे. तेव्हा काठाच्या वाटेनं खेचरं चालायची आणि दोरानं होड्या ओढायची. आता त्या वाटेवर म्हातारे सायकली चालवतात, आणि तेही आमच्या पुढे निघून जातात. गावाजवळ आलं की घंटा वाजते, रस्त्यावरच्या गाड्या थांबतात आणि अख्खा पूल आडवाच्या आडवा वर उचलला जातो. आपण खालून जायचं आणि वरच्या माणसाला हात करायचा. हे मला फार आवडलं. आपल्यासाठी रस्ता थांबवतात.

चारू सुकाणू धरून उभा. फुगलेलं जॅकेट, मनगटावर घड्याळ. ह्या पुलाला अमुक वाजता, त्या गावाला तमुक वाजता. माझा मुलगा सुट्टीतसुद्धा घड्याळाला विचारून जांभई देतो.

गावं मात्र पाहण्यासारखी. निम्म्या गावांच्या नावाला पोर्टची शेपटी. समुद्र कुठाय म्हणून विचारलं तर म्हणाला, समुद्र नाही, पूर्वी इथे होड्या लागायच्या, माल चढायचा-उतरायचा, म्हणून पोर्ट. एवढं म्हटल्यावर पुढचं मला कुणी सांगायला नको होतं. मग आगगाडी आली असेल, मग ट्रक आले असतील.

शुक्रवारी दुपारी वॉरनपोर्ट नावाच्या गावात बोट बांधली. शेजारी एक हिरवी जुनी बोट, आमच्या निम्म्यानं लहान. तिच्यात एक बाई आणि एक पाय आखडलेला कुत्रा. बाई माझ्याच वयाची, केस आखूड, ढगळ शर्ट. विल्मा नाव. दिवे लागायच्या वेळी ती हातात फडक्यानं धरलेलं भांडं घेऊन आली, प्रतिमाच्या हातात दिलं, कुत्र्याला हाक मारली आणि गेली. भांडं कागदी नव्हे, प्लॅस्टिकचं नव्हे. जाड मातीचं, काठाला निळी रेघ, एका बाजूला टवका उडालेला. म्हणजे घरातलं, रोजच्या हातातलं. आत पाय का काय म्हणतात ते, मैद्याच्या पारीत फळ भरून भाजलेलं. फळ कुठलं, तर द्राक्षं. द्राक्षं कुणी शिजवतं का? मी बोट लावून पाहिलं. मग बशीत घेतलं. मग आणखी घेतलं. प्रतिमा तोंडावर धरायला पदर नसल्यामुळे हात धरून हसत होती.

इथे आल्यापासून माझ्या दारात आलेलं हे पहिलं भांडं. बॉथेलला शेजार आहे, नाही असं नाही. गाडी काढताना हात करतात. मराठी मंडळाच्या बायका येतात, काकू काकू करतात, पण येताना जे आणतात ते फेकायच्या डब्यातून. उरलेलं टाका आणि डबाही टाका. परत द्यायचं काही राहतच नाही. मग पुन्हा यायचं तरी कशासाठी? म्हणून ते मातीचं भांडं मी स्वतः घासलं, पुसलं, ओट्यावर उपडं घातलं. मनात ठरवलं, सकाळी आंघोळ करून शिरा करायचा, भांड्यात भरायचा, आणि मग जायचं. भाषा येत नाही तर नाही. शिरा हातात असला की बाईला दुसऱ्या बाईशी बोलता येतं.

आणि सकाळी ह्या शहाण्यानं ते रिकामं नेऊन दिलं.

आता रिकामं गेलेलं भांडं परत मागता येत नाही. अहो, ते जरा द्या, आम्ही त्यात काहीतरी घालायचं विसरलो, असं म्हणायचं का? दुसरं भांडं भरून न्यायचं, एवढाच मार्ग. मी प्रतिमाला रवा काढायला सांगितला. ती म्हणाली, आई, तूप एवढंच उरलंय. मी म्हटलं, तेवढं सगळं घाल. चारू म्हणाला, जेवायच्या आधी निघायलाच हवं, संध्याकाळपर्यंत बोट मालकाला परत द्यायचीय. आणि ती बाई पण बाजारात गेलीय, तिथून आली की तीही निघणार. म्हणजे वेळ थोडा, आणि ही चुकली की जन्मात पुन्हा दिसायची नाही. मी रवा भाजायला घेतला. रवा करपू नये म्हणून मी चारूकडे बघितलंच नाही.

शिरा झाला, पण घालायचा कशात? बोटीवरची भांडी मालकाची, प्रत्येकावर चिकटपट्टी. त्यातलं एक दिलं असतं तर चारूला ताप भरला असता. झाकणाचा एकच डबा माझ्या पिशवीत होता. तो माझ्याजवळचा होता, पण माझा नव्हता. त्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं, हलीमा काझी.

हलीमा माझी राजापूरची शेजारीण. तिच्या-माझ्या अंगणात एक चिऱ्याचा गडगा, कमरेएवढा. उभा जन्म त्या गडग्यावरून भांडी गेली-आली. ईदला शिरखुर्म्याचं पातेलं यायचं, ते करंज्या घेऊन परत जायचं. ती माझ्या ताटातून सांदणं पाठवायची, मी तिच्या वाटीतून आंब्याचं रायतं. पुराच्या दिवसांत दुकानातला माल माळ्यावर चढवून आम्ही सगळे घरात कोंडलेले, तरी गडग्यावर एक वाटी झाकून ठेवलेली असायची, वर पावसासाठी पत्र्याचा तुकडा. आमच्या नवऱ्यांची मधे दोन वर्षं अबोला धरण्याइतकी भांडणं झाली. भांडी चालूच होती.

मी निघाले त्या सकाळी गाडी दारात उभी होती आणि चारू घाई करत होता. हलीमा गडग्यापाशी हा डबा घेऊन आली. खोबऱ्याच्या वड्या, प्रवासाला. मी म्हटलं, थांब, ओतून घेते आणि काहीतरी घालून देते. पण घर आवरून झालेलं, साखरेचा डबासुद्धा धुऊन पालथा घातलेला. घरभर फिरले. काही नाही.

"राहू दे गो," हलीमा म्हणाली. "आल्यावर भरून दे."

तो डबा माझ्याबरोबर विमानात बसला. फोनवर बोलतो आम्ही, तिचा नातू लावून देतो. ती डब्याचं नाव काढत नाही, मीही काढत नाही. मला बरंच वाटायचं, की डबा इकडे आहे. तो आहे तोवर माझं जाणं बाकी आहे, एवढं तरी खरं. तो मी कपाटात ठेवत नाही, वापरते, आणि रिकामा ठेवत नाही. बोटीवर येताना त्यात रव्याचे लाडू होते. ते ह्या दोघांनी संपवले.

तर शिरा मी हलीमाच्या डब्यात भरला. झाकण लावताना क्षणभर वाटलं, दुसऱ्याचं भांडं तिसऱ्याला देते आहे, हे बरं नव्हे. पण हलीमा तिथे असती तर तिनंच भर म्हटलं असतं. रिकामं गेलं म्हणून कळल्यावर तीही माझ्याइतकीच चिडली असती.

चारू म्हणाला, बाईच्या बोटीवर ठेवून देऊ, वर चिठ्ठी लिहू. मी म्हटलं, भांडं हातातून हातात जातं. चल माझ्याबरोबर, इंग्रजी घेऊन.

गाव मी पाहिलं ते असं, डबा पदराखाली धरून, गुडघा सांभाळत, आणि पुढे चालणाऱ्या मुलाच्या पाठीकडे बघत. पण पाहिलं. कालव्याच्या कडेनं भिंत, भिंतीत लोखंडी कड्या. एका कडीच्या खालच्या दगडाला दोर घासून घासून खाच पडलेली. मी तिथे उभी राहिले. त्या खाचेत माझं बोट बरोबर बसत होतं. आमच्या बंदरावरच्या खांबाला अशीच होती, आम्ही मुली त्यात चिंचोके ठेवायचो. चारूनं मागे वळून हाक मारली तेव्हा मी हलले.

वर चढून गेलं की पेठ. लाल विटांची दुकानं, एकाला एक चिकटून, आपल्याकडच्यासारखीच, आणि प्रत्येकाच्या कपाळावर दगडात कोरलेलं नाव आणि साल. माणसं गेली, नावं राहिली. एका दुकानात अजून सुटे खिळे मिळतात, बरण्या भरून ठेवलेल्या. बँकेत आता कॉफी मिळते. धान्याची वखार होती म्हणे, उंच, खिडक्या नसलेली, तिच्यात बायका चटया घालून हातपाय ताणत होत्या. चारू वाचून सांगत होता, जरा मऊ आवाजात, म्हणजे त्याला कळलं होतं की मी गप्प आहे. पण त्याला वाटत होतं मी अजून भांड्यावरूनच गप्प आहे. अर्धं खरं होतं.

बाजार पलीकडच्या मैदानात. तंबूसारखी छपरं, खाली मक्याची कणसं, भोपळे, सफरचंदं, मध. सगळं धुतलेलं, रांगेत. कुणी ओरडत नाही. बाजार आहे की दवाखाना, मला कळेना. मी एक वांगं दाबून बघितलं तर चारू 'आई, प्लीज' म्हणाला. वांगं विकणारा बाप्या मात्र हसला आणि त्यानं दुसरं पुढे केलं, ते जास्त ताजं होतं. त्याला कळत होतं. आणि सगळ्या मैदानावर काळ्या द्राक्षांचा वास, इतका गोड की घशात चिकटावा. आंब्याच्या दिवसांत आमच्या बाजारात असंच होतं. भाजी घ्यायला गेलं तरी घरी आंब्याचा वास घेऊन यायचं. मी त्या वासात उभी राहून डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्या बाजारात कुणाच्याच ओळखीची नसलेली मी.

विल्मा कुठे दिसेना. चारूनं मधवालीला विचारलं, वांगीवाल्याला विचारलं. त्याला विचारायला आवडत नाही, त्याला सगळं फोनमध्ये सापडतं. फोनमध्ये विल्मा नव्हती. त्यानं घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, ते मनगट खिशात घाल.

शेवटी कुत्रा दिसला. बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका विटांच्या भिंतीखाली तो बसलेला आणि ती वर बघत उभी. भिंतीवर पूर्वी कधी तरी पांढऱ्या रंगानं मोठी अक्षरं लिहिलेली, आता उडालेली, ऊन पडलं तेवढ्यापुरती दिसणारी. चारूनं तिला विचारून सांगितलं, हे तिच्या वडिलांचं नाव आहे, इथे त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं.

मी पुढे झाले आणि डबा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिनं घेतला. झाकण काढलं. आतून वाफ आली, तुपाची, वेलचीची. ती तिथेच दुकानाच्या पायरीवर बसली, दोन बोटांनी शिरा उचलून तोंडात घातला आणि डोळे माझ्यावर ठेवून चघळत राहिली. मग बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मधे एकदा हसली, एकदा हात छातीवर ठेवला.

चारू म्हणाला, "आवडलं म्हणते."

मी म्हटलं, "ती एवढी बोलली आणि तू दोन शब्दांत आणलंस. सगळं सांग."

त्याचे कान लाल झाले. लहानपणी व्हायचे तसे. मग खाली बघत त्यानं सांगितलं. तिची आई कुणाचं भांडं कधी रिकामं परत पाठवायची नाही. काही नसलं तर बागेतलं फूल ठेवायची. आज सकाळी भांडं रिकामं आलं तेव्हा तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. पाय आवडला नसेल, किंवा परक्या लोकांना असं दारात गेलेलं खपलं नसेल. सकाळपासून तेच मनात घोळत होतं म्हणे.

इथे असलं काही नसतं, म्हणाला होता. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. खरं सांगायचं तर मला ते बघणं गोड लागत होतं.

विल्मा आणखी सांगत राहिली आणि आता चारू एकेक वाक्य नीट आणत होता. घर विकलं गेलं, भाऊ गेला, आता ती लांब कुठे मुलीकडे राहते. पण द्राक्षांच्या दिवसांत बोट घेऊन येते आणि कालव्याच्या भिंतीला बांधते. गावात उतरायला दुसरी जागा नाही. आणि भांडं पाठवावं असं घरही उरलं नाही, म्हणून शेजारी जी बोट लागेल तिला पाठवते.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघा वाकत नव्हता, तरी बसले. ती शिरा खात होती. मला तिचं बोलणं कळत नव्हतं आणि तिला माझं. आणि तिथे, त्या परक्या भिंतीखाली, माझ्या मनात आलं. ह्या बाईला एका सकाळीत एवढं वाटलं. आमची ओळख काय, तर एका रात्रीची. मग हलीमाला काय वाटलं असेल? इतक्या ईदी गेल्या. डबा गेला तो गेला, भरून आला नाही, रिकामासुद्धा आला नाही. मी इकडे समजत होते, की डबा माझ्याकडे आहे म्हणजे दोरी बांधलेली आहे. पण दोरीचं दुसरं टोक तिच्या हातात. ती गडग्यापाशी येत असेल. गडग्यावर हात ठेवत असेल. पलीकडे माझं बंद दार. तिनं कधी विचारलं नाही, ते विश्वासानं की आशा सोडली म्हणून, हे मला फोनवरच्या आवाजावरून सांगता येत नव्हतं. तिचा आवाजही आता बारीक झालाय. मागच्या वेळी दोनदा तिनं मला माझं नाव विचारलं.

परत येताना मी चारूचा हात धरला नाही. तो दोनदा पुढे करत होता.

बोटीपाशी आलो तेव्हा प्रतिमानं सामान आवरलेलं होतं. चारूनं इंजिन चालू केलं. तेवढ्यात विल्मा कालव्याच्या भिंतीवरून घाईघाईनं आली. शिरा तिनं त्या निळ्या रेघेच्या भांड्यात काढून घेतला असणार, कारण हलीमाचा डबा तिच्या हातात होता, घासलेला, आणि काठोकाठ काळी द्राक्षं भरलेला. देठावर पानं तशीच. चारू कडेला होता म्हणून तिनं त्याच्या हातात दिला. माझ्याकडे बघून हात छातीवर ठेवला. मीही ठेवला. कुत्रा भुंकला, आणि ती तिच्या बोटीकडे गेली.

चारू डबा माझ्याकडे देता देता थांबला. ऊन पडलं होतं स्टीलवर. त्यानं मान तिरकी करून टिंबं वाचली, अडखळत, मराठी वाचायची सवय गेल्यामुळे.

"हलीमाचाचीचा डबा?" तो म्हणाला. "अजून आपल्याकडे?"

मी सांगितलं. गाडी दारात होती ते, साखरेचा डबा पालथा होता ते, आणि ती काय म्हणाली ते. पायरीवर बसल्यावर मला काय वाटलं, तेही सांगितलं. मी असलं सहसा सांगत नाही. प्रतिमा दोर हातात घेऊन उभी होती, तिनं तो पुन्हा कडीला अडकवला. चारू ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर खरंच काहीतरी हललं, मी त्याची आई आहे, मला दिसतं. आणि मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं, म्हटलं की आई, सांगायचं ना, एवढंच होतं तर. कुरिअरनं पाठवू. ट्रॅकिंग नंबर येतो, कुठवर पोचला ते तुला फोनवर दिसेल. आत चॉकलेट्स टाकू, रिकामा नको.

मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं. त्यानं केलं. पाण्याचा आवाज तेवढा राहिला. मी डबा त्याच्या हातातून घेतला आणि त्याला म्हटलं:

"चारू, दिवाळीचं माझं तिकीट आज काढ. हे मी विचारत नाही, सांगते. कुणी सोबत आलं तर ठीक, नाही आलं तर मी एकटी जाईन, तोंड आहे मला. आणि तुझं म्हणशील, तर तुझ्या त्या एवढ्या मोठ्या घरातलं एकूण एक भांडं तुझं स्वतःचं आहे. इतका गरीब माणूस मी अख्ख्या राजापुरात पाहिलेला नाही."